पत्र आलं, म्हणजे निवड झाली का?



एप्रिल महिना उजाडला की आपल्या नाशकात दोन गोष्टी एकदम बाजारात येतात. एक आंबे आणि दुसरी शिबिरं! पोहण्याचं शिबिर, हस्ताक्षराचं शिबिर, स्केटिंगचं शिबिर, क्रिकेटचं तर गल्लोगल्ली. शाळेच्या फाटकावर पाटी, किराणा दुकानात पाटी, सकाळचं वर्तमानपत्र उघडलं की घडीतून एक गुलाबी कागद घसरून थेट चहाच्या कपात. आणि मग तुमची ठरलेली पत्रं मला येऊ लागतात : "बाई, मी शिबिराला जाऊ का?"

खरं सांगू? या प्रश्नाचं 'हो' किंवा 'नाही' असं एका शब्दात उत्तर मला देता येत नाही. पण उत्तर कसं शोधायचं, ते मात्र मला गेल्या उन्हाळ्यात एका मुलीनं शिकवलं. आज तिचीच गोष्ट सांगते.

ही मुलगी माझ्या चौथीच्या वर्गात होती. आता ती आठवीत, दुसऱ्या शाळेत आहे. तिचं खरं नाव मी सांगणार नाही. ती डावखुरी आहे, म्हणून आपण तिला 'डावरी' म्हणू या. डावरीचे बाबा रिक्षा चालवतात, आई घरीच फॉल-पिको करते. डावरी सॉफ्टबॉल खेळते.

सॉफ्टबॉल म्हणजे काय, ते काही जणांना माहीत नसेल. बेसबॉलचीच ही बहीण, बरं का! तिचा जन्म १८८७ साली अमेरिकेतल्या शिकागो शहरात, चक्क बंद खोलीत झाला. थंडीचे दिवस होते, बाहेर खेळता येईना. तेव्हा तिथल्या तरुणांनी मुष्टियुद्धाचा एक हातमोजा दोरीनं घट्ट बांधला, त्याचाच चेंडू केला आणि काठीनं टोलवायला सुरुवात केली. आज संघात ९ खेळाडू असतात, ७ डाव असतात, चेंडूचा परीघ साधारण १२ इंच असतो आणि तो खांद्यावरून नव्हे, तर हात खालून फिरवून टाकावा लागतो. आपल्याकडे शालेय स्पर्धांमध्ये हा खेळ आहे. महाराष्ट्रात, विशेषतः आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यात, तो चांगला रुजला आहे. ऑलिंपिकमध्ये तो १९९६ साली आला, २००८ नंतर गेला, टोकियोत पुन्हा दिसला आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्येही तो असणार आहे. 

तर डावरी एके दिवशी संध्याकाळी धापा टाकत माझ्या घरी आली. हातात एक लिफाफा. मागोमाग तिचे आई-बाबाही आले.

"बाई, माझी निवड झाली!"

मी लिफाफा उघडला. छान जाड कागद, वर खेळाडूचं रंगीत चित्र. पुण्याला दहा दिवसांचं निवासी शिबिर. त्याचं नाव 'निवड शिबिर'. मोठमोठ्या ठिकाणचे प्रशिक्षक येणार. शुल्क ६,५०० रुपये. आणि शेवटी तारीख : आठ दिवसांच्या आत पैसे भरावेत, जागा मर्यादित.

डावरीचे बाबा म्हणाले, "बाई, तुम्ही तिच्या पहिल्या गुरू. तुम्हीच सांगा. रिक्षाच्या इन्शुरन्सचे पैसे बाजूला ठेवलेत. ते वापरतो. पुढचं पुढे बघू."

आई म्हणाली, "पुन्हा अशी संधी आली नाही तर? पोरगी जन्मभर बोल लावील आम्हाला."

मुलांनो, या वाक्याला उत्तर देणं फार कठीण असतं. कारण ते हिशेबाचं वाक्य नाही, भीतीचं आहे. आणि ती भीती मला चांगली माहीत होती. कशी, ते थोड्या वेळानं सांगते.

मी डावरीला म्हटलं, "चौथीत आपण उतारा कसा वाचायचो? एकेक शब्दावर बोट ठेवून. तसं हे पत्र वाच."

तिनं बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. "आपणांस... निवड शिबिरासाठी... निमंत्रित करण्यात येत आहे... सोबतच्या अर्जाद्वारे... नोंदणी करावी."

"आता सांग, तुझी निवड झाली असं कुठे लिहिलंय?"

तिनं पुन्हा वाचलं. मग तिसऱ्यांदा. 'निवड' हा शब्द होता, पण तो शिबिराच्या नावात होता! पत्रात कुणी खोटं लिहिलं नव्हतं. आम्हालाच जे वाचायचं होतं, ते आम्ही वाचलं होतं.

निमंत्रण, नोंदणी आणि निवड. तिन्ही शब्द एकाच अक्षराच्या घरातले वाटतात. पण त्यांचा अर्थ किती वेगळा! निमंत्रण म्हणजे 'या'. नोंदणी म्हणजे 'पैसे भरा आणि या'. आणि निवड म्हणजे 'पुष्कळांमधून तुम्हाला वेगळं काढलं'. पहिल्या दोन गोष्टी कुणालाही मिळू शकतात. तिसरी मैदानावर मिळवावी लागते.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका हं. अमेरिकेत सॉफ्टबॉल चांगलं खेळणाऱ्या मुलींना महाविद्यालयं शिष्यवृत्ती देतात. त्यासाठी तिथली महाविद्यालयं उन्हाळ्यात आणि एरवीही एक-दोन दिवसांची शिबिरं घेतात, मुलींना आमंत्रणं पाठवतात, आणि त्यांचे आई-बाबाही रात्री जेवणाच्या टेबलावर हाच प्रश्न घेऊन बसतात : जावं की नाही? तिथल्या महाविद्यालयीन खेळांच्या संघटनेचा तर नियमच आहे, की असं शिबिर सर्वांसाठी खुलं असलं पाहिजे. वय, इयत्ता, जागांची संख्या अशा काही मोजक्याच अटी घालता येतात. म्हणजे ज्या मुलीला पत्र आलं नाही, तीही पैसे भरून जाऊ शकते! तिथेही आमंत्रण म्हणजे निवड नव्हेच. तरी पत्र आलं की साता समुद्रापलीकडच्या घरातही उड्या मारल्या जातात. मन सगळीकडे सारखंच!

मग खरी निवड होते तरी कशी?

आपल्या राज्यात त्याचे दोन मुख्य रस्ते आहेत. पहिला शाळेचा. शाळेचा संघ आधी शहराच्या किंवा तालुक्याच्या स्पर्धेत खेळतो. तिथून जिल्हा, मग विभाग, मग राज्य. महाराष्ट्रात खेळांसाठी ८ विभाग आहेत, त्यांतला एक आपला नाशिक. राज्य स्पर्धेतून राष्ट्रीय शालेय स्पर्धेसाठी महाराष्ट्राचा संघ निवडला जातो. दुसरा रस्ता खेळाच्या संघटनेचा. जिल्हा संघटना निवड चाचणी घेते, जिल्ह्याचा संघ राज्य अजिंक्यपद स्पर्धेला जातो आणि तिथून राज्याचा संघ निघतो. 

आता गंमत पाहा. राज्याचा संघ राष्ट्रीय स्पर्धेला जायच्या आधी त्याचंही शिबिर होतं. पण तिथे आधी निवड आणि मग शिबिर! नुसते पैसे भरून त्या शिबिरात बसता येत नाही. त्यामुळे एखाद्या शिबिराचं पत्र आलं, की पहिला प्रश्न हाच विचारायचा : इथे निवडीनंतर शिबिर आहे, की शिबिर आधी आणि निवडीची नुसती आशा?

दुसऱ्या दिवशी डावरी वही घेऊन आली. आम्ही दोघींनी मिळून प्रश्न लिहिले आणि पत्रावरच्या नंबरवर तिनं स्वतः फोन लावला. बाबा म्हणाले, "मी बोलतो." मी म्हटलं, "नको दादा, तिला बोलू द्या. खेळायचं तिला आहे."

तिचा आवाज आधी थरथरला. मग सावरला. 

"नमस्कार. मला आपलं पत्र आलंय. मला आपण कोणत्या सामन्यात पाहिलंत?"

पलीकडचे गृहस्थ सज्जन होते. ते म्हणाले, "बाळ, जिल्ह्याच्या स्पर्धेत ज्या ज्या संघांची नावं होती, त्या सगळ्या मुलींना आम्ही पत्रं पाठवली आहेत."

सगळ्या मुलींना! म्हणजे तिच्या संघात ज्या दोघी पूर्ण स्पर्धेत बाकावर बसून होत्या, त्यांनाही. डावरीचा चेहरा एवढासा झाला. पण वही हातात होती, म्हणून तिनं पुढचे प्रश्न विचारले. किती मुली येणार? साधारण १२०. प्रशिक्षक किती? ४. रोज किती तास? ३.

फोन ठेवल्यावर आम्ही गणित मांडलं. तुम्हीही पेन्सिल घ्या. एक प्रशिक्षक, ३ तास, म्हणजे १८० मिनिटं. ४ प्रशिक्षकांची मिळून ७२० मिनिटं. भागिले १२० मुली. उत्तर आलं ६. म्हणजे एका मुलीच्या वाट्याला रोज ६ मिनिटं. दहा दिवसांची मिळून ६० मिनिटं. एका तासाचे ६,५०० रुपये! शिवाय पुण्याचं जाणं-येणं, सोडायला जाणाऱ्या बाबांचा दोन दिवसांचा बुडालेला धंदा, तो वेगळाच.

"आणि बाई, आमचे सर?" डावरीनं विचारलं. छान प्रश्न! शाळेच्या मैदानावर तिचे सर एकटे, मुली १५, सराव रोज दीड तास. ९० भागिले १५, म्हणजे तिथेही रोज ६ मिनिटंच. पण वर्षाचे २०० दिवस. म्हणजे १,२०० मिनिटं, म्हणजे २० तास! आणि फुकट. 

थांबा. लगेच "शिबिरं वाईट" असं पाटीवर लिहू नका. गणितानं अर्धंच उत्तर दिलं होतं. कारण कधी कधी सहा मिनिटांत एखादा जाणकार अशी गोष्ट दाखवून जातो, जी वर्षभर कुणी दाखवलेली नसते. म्हणून दुसरा प्रश्न महत्त्वाचा : माझ्या खेळात आत्ता नेमकं काय कमी आहे, आणि ते या शिबिरात मिळेल का?

हे काही मला ठाऊक नव्हतं. मी पडले प्राथमिक शाळेची बाई. लंगडी आणि खो-खोच्या पलीकडे माझं ज्ञान बेताचंच. म्हणून आम्ही तिच्या क्रीडाशिक्षकांकडे गेलो. सर हसले आणि म्हणाले, "बाई, हिला काय कमी आहे ते मी तुम्हाला दाखवतोच."

त्यांनी डावरीला पहिल्या बेसवर उभं केलं आणि चेंडू फेकला. तिनं तो हातमोज्यात छान पकडला. डाव्या हातातल्या मोज्यात. मग तिनं काय केलं माहितीये? मोजा काढून काखेत धरला, चेंडू डाव्या हातात घेतला आणि मग फेकला.

कारण शाळेतले सगळे मोजे उजव्या हातानं फेकणाऱ्यांसाठी होते, म्हणजे डाव्या हातात घालायचे. डावखुऱ्या खेळाडूला मोजा उजव्या हाताचा लागतो. तसा शाळेत एकही नव्हता. दोन वर्षं ही पोर उलट्या मोज्यानं खेळत होती आणि दर वेळी तिचा एक-दीड सेकंद त्या काखेत जात होता!

"एक सेकंदानं काय होतं?" असं म्हणाल तर ऐका. सॉफ्टबॉलमध्ये एका बेसपासून दुसऱ्या बेसपर्यंतचं अंतर ६० फूट, म्हणजे सव्वाअठरा मीटर. चपळ मुलगी ते तीन-चार सेकंदांत पळून जाते. त्यात एक सेकंद गेला, की समोरची बाद होता होता वाचलीच म्हणून समजा.

सर पुढे म्हणाले, "खरं तर डावखुरी मुलगी पहिल्या बेसवर म्हणजे सोनं असतं. मोजा उजव्या हातात, म्हणजे आतल्या बाजूचे चेंडू सहज पोचतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या बेसकडे फेकायला अंग वळवावं लागत नाही. फलंदाजी करतानाही ती पहिल्या बेसच्या बाजूला उभी असते, दोन पावलं आधीच जवळ. हिला शिबिर नकोय असं मी म्हणत नाही. पण आधी हिला मोजा पाहिजे."

मोज्याची किंमत विचारली. डाव्या खेळाडूचा मागवावा लागणार होता. १,८०० रुपये.

त्या संध्याकाळी डावरी माझ्याकडे गप्प बसून राहिली. मग हळूच म्हणाली, "बाई, सगळं कळतंय मला. पण माझी मैत्रीण चाललीय पुण्याला. ती गेली आणि मी नाही गेले, आणि तिचीच निवड झाली तर?"

तेव्हा मी तिला माझी गोष्ट सांगितली. ती आजवर मी कुणालाच सांगितली नव्हती.

२००१ साली मी सातवीत होते. निफाड तालुक्यात आमचं गाव. मी पळायची. शाळेत असंच एक पत्र आलं, पाच दिवसांचं शिबिर, ३०० रुपये. माझे वडील दुसऱ्याच्या द्राक्षबागेत कामाला होते. त्यांनी मालकाकडून उचल घेतली आणि एका शब्दानं न बोलता माझ्या हातात पैसे ठेवले. शिबिरात आम्ही ऐंशी मुली आणि शिट्टी वाजवणारे एकच सर. पाच दिवस आम्ही मैदानाला फेऱ्या मारल्या. त्या तर मी गावातही मारत होते! माझं पाऊल कसं पडतं, हात कसे हलतात, हे एकदाही कुणी पाहिलं नाही. शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र मिळालं. त्यावर माझं आडनाव चुकीचं छापलं होतं.

घरी आल्यावर अण्णांनी विचारलं, "काय शिकलीस गं?" मी म्हटलं, "खूप शिकले." त्यांनी ते प्रमाणपत्र, चुकीच्या आडनावासकट, भिंतीवर लावलं. पुढचे दोन महिने त्यांच्या मजुरीतून ती उचल कापली जात होती आणि मी रोज त्या कागदाकडे पाहत होते.

मुलांनो, त्या शिबिराचा मला आज राग नाही. तिथे मी पहिल्यांदा खिळ्यांचे बूट पाहिले, येवल्याची एक मैत्रीणही मिळाली. मला वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. मी जायच्या आधी एकही प्रश्न विचारला नाही, आणि आल्यावर खरं सांगितलं नाही. खरं सांगितलं असतं, तर पुढच्या वर्षी माझ्या धाकट्या भावासाठी तरी अण्णांनी नीट विचारपूस केली असती.

डावरी ऐकत होती. मग तिनं विचारलं, "पण संधी गेली तर, बाई?"

मी म्हटलं, "आपल्याच जिल्ह्यातली दोन नावं सांगते. तू ठरव."

पहिलं नाव कविता राऊत. हरसूलजवळच्या सावरपाड्याची आदिवासी घरातली मुलगी. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिनं १०,००० मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळवलं. राष्ट्रकुल स्पर्धेत धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीत पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य. लोक तिला 'सावरपाडा एक्सप्रेस' म्हणू लागले. पण ही एक्सप्रेस दहा दिवसांच्या शिबिरात सुटलेली नाही! प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांच्या हाताखाली नाशकात तिनं वर्षानुवर्षं घाम गाळला. 

दुसरं नाव दत्तू भोकनळ. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा. दुष्काळी गाव, विहिरी खोदायचं काम केलेला मुलगा. २०१२ साली तो सैन्यात गेला आणि तिथे त्यानं आयुष्यात पहिल्यांदा नौकानयनाचं वल्हं हातात धरलं. तेव्हा त्याचं वय विशीच्या पुढे होतं! चारच वर्षांनी, २०१६ साली, तो रिओ ऑलिंपिकमध्ये वल्हवत होता. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत त्यानं तीन साथीदारांबरोबर सुवर्णपदक मिळवलं.

"तेराव्या वर्षी एका शिबिराला नाही गेलं, तर दार कायमचं बंद होत नाही," मी म्हटलं. "पण जायचं असेल तर जा. फक्त डोळे उघडे ठेवून जा."

रात्री आठ वाजता डावरीनं स्वतः ठरवलं. शिबिराला नाही जायचं, मोजा घ्यायचा. बाबांनी इन्शुरन्सचे पैसे आधी इन्शुरन्सलाच भरले. मोज्यासाठी आईनं भिशीतले पैसे दिले. मोजा यायला बारा दिवस लागले. ते बारा दिवस डावरीनं ज्या उत्सुकतेनं काढले, तसं मी कुणाला दहावीच्या निकालाची वाट पाहतानाही बघितलं नाही!

आणि मैत्रीण? ती पुण्याला गेली. तिच्या बाबांना ते शक्य होतं, आणि तिला नेमकं बेसवर घसरत जायला शिकायचं होतं. तिनं पहिल्याच दिवशी एका प्रशिक्षिकेला गाठून सांगितलं, "मला घसरताना भीती वाटते." दहा दिवस ती त्यांच्या मागेच लागली. आपली सहा मिनिटं तिनं बरोबर वापरली. परत आल्यावर तिनं सगळ्या संघाला ओल्या मातीवर घसरायला शिकवलं, डावरीलासुद्धा. म्हणजे तिच्यासाठी शिबिर योग्यच होतं. एकाच पत्राची दोन घरांत दोन उत्तरं, आणि दोन्ही बरोबर!

आता तुमच्यासाठी. समजा, तुम्हाला असं पत्र आलं, तर वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे प्रश्न, उजवीकडे उत्तरं. प्रश्न असे :

पत्र मलाच का आलं? मला खेळताना कुणी पाहिलं आहे का?

मुलं किती, शिकवणारे किती, तास किती? (गणित कसं मांडायचं ते वर आहेच.)

सगळा खर्च मिळून किती? त्या पैशांत माझ्या खेळासाठी याहून गरजेची दुसरी वस्तू आहे का? बूट, मोजा, दूध-अंडी, रोजचं बसभाडं?

मला नेमकं काय शिकायचंय? एका वाक्यात लिहा. लिहिता आलं नाही, तर थोडं थांबा.

शेवटी काय मिळणार? प्रमाणपत्र मिळणार असेल, तर नीट समजून घ्या. दहावी-बारावीचे वाढीव गुण किंवा सरकारी नोकरीतल्या खेळाडूंसाठीच्या ५ टक्के राखीव जागा, हे सगळं मान्यताप्राप्त स्पर्धांमधल्या कामगिरीवर मिळतं. खासगी शिबिराच्या प्रमाणपत्रावर नाही. ते भिंतीवर छान दिसतं, एवढंच.

आणि राहायचं असेल, तर रात्री सोबत कोण? मुलींबरोबर बाई आहेत का? दुखलं-खुपलं तर डॉक्टर आहेत का? रोज घरी फोन करता येईल का? या प्रश्नाचं उत्तर कुणी टाळलं, तर बाकीची उत्तरं कितीही गोड असोत, जायचं नाही. इथे वाद नको.

आणखी एक. पैसे नाहीत म्हणून खेळाचं दार बंद, असं मानू नका. आपल्या राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनी आहेत. पुण्यात बालेवाडीला आहे, आपल्या नाशकातही आहे. तिथे निवड झालेल्या मुलांचं राहणं, जेवण, शिक्षण आणि प्रशिक्षण सरकार करतं. निवडीसाठी चाचण्या असतात : उंची, वजन, ३० मीटर धावणं, ८०० मीटर धावणं, वळून वळून पळणं म्हणजे शटल रन, उभी उडी, वजनदार चेंडू फेकणं, अंगाची लवचीकता. या चाचण्या लहान वयातच होतात, त्यामुळे उशीर करू नका. कोणते खेळ आहेत, वयाची अट काय, तारखा कोणत्या, हे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.

डावरीचं पुढे काय झालं, असं विचाराल. सप्टेंबरमध्ये तिच्या शाळेचा संघ जिल्हा स्पर्धेत उतरला. डावरी पहिल्या बेसवर, उजव्या हातात नवा कोरा मोजा. मीही रजा टाकून गेले होते. तिचा संघ दुसऱ्या फेरीत हरला. तिच्या हातून एक झेल सुटलाही. पण पाच जणींना तिनं बाद केलं, आणि एकदाही मोजा काखेत गेला नाही.

सामना संपल्यावर तिचे बाबा रिक्षा घेऊन आले. त्यांनी विचारलं, "काय गं, काय झालं?"

डावरी म्हणाली, "हरलो, बाबा. माझा एक कॅच सुटला. खाली वाकायला उशीर झाला मला. ते शिकायला पाहिजे."

मी बाजूला उभी होते. चोवीस वर्षांपूर्वी अण्णांनी मला विचारलं होतं, तेव्हा मला जे सांगता आलं नव्हतं, ते ही मुलगी किती सहज सांगून गेली!

यंदाही एप्रिल आला आहे. डावरीच्या घरी पुन्हा एक लिफाफा आला आहे. तिनं अजून काही ठरवलेलं नाही. पण वहीचं पान काढून, मधोमध रेघ मारून झाली आहे, असा निरोप मला काल मिळाला.

तुमच्याकडे लिफाफा आला असेल, तर तुम्हीही रेघ मारा. उत्तरं काय आली, ते मला जरूर कळवा. पुढच्या आठवड्यात भेटूच!

तुमची,
बाई